निळ्याखालचा अंगठा

काचेची पट्टी तोंडासमोर धरायची आणि तिच्यावर हलकेच श्वास सोडायचा. धुकं एकसारखं पसरलं आणि एकसारखंच विरलं, तर पट्टी स्वच्छ. मध्येच डाग दिसला, तर कुणीतरी हात लावलेला. मग मागे वळूनही न बघता काका विचारायचे, "कुनाचा बोट लागला गो?" आणि आम्ही तिघी जणी उगाचच हात पाठीमागे घ्यायचो.

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. असा एक माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. पगारपत्रकात अगदी तळाला, पण त्याला विचारल्याशिवाय मशीनचं बटण दाबायची सरांचीही छाती होत नाही. काकांचं मशीन म्हणजे काचेची मोठी हंडी. पंपाने तिच्यातली हवा काढून टाकायची, आत एक पावडर तापवायची, आणि तिची वाफ समोरच्या तुकड्यावर जाऊन बसली की झाला पातळ थर. पातळ म्हणजे किती, तर केसाच्या जाडीत असे शेकडो मावतील.

मी पीएचडीसाठी सौर सेल करत होते. नुसत्या सिलिकॉनवर पडलेला बराच उजेड परत फिरतो. वर हा थर नेमका बसला की तो आत शिरतो. थर वाढेल तसा तुकडा आधी तपकिरी दिसतो, मग जांभळा, मग गडद निळा. तिथेच थांबायचं. जरा पुढे गेलं की रंग फिका पडतो आणि सेल बिघडतो.

जाडी मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, म्हणजे नावाला होतं. काका हंडीला नाक लावून बसायचे. "आला जांभला... थांब... निला. बस!" पुढे दुसरीकडे मोजून घेतलं की आकडा बरोबर निघायचा.

हे कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं.

"मिठागरान," ते म्हणाले. ते मूळचे बाळकुमचे, वडील मिठागरात कामाला. "पान्यावर पयली साय धरते ना, तवा बापूस आमाला बांधावर पन फिरकू देत नव्हता. हात लागला का मीठ बिघरला." घरची थोडी शेती होती, तिच्यावर आता टॉवर आहेत. त्यातल्याच एकात काकांचा फ्लॅट होता, तरी माणूस रोज साडेनऊला लॅबमध्ये हजर. "घरान काय करू?" म्हणायचे. मी राहायचे दिवा स्टेशनजवळ. तिथे पाणी नसलं की माझ्या दोन बाटल्या संध्याकाळी काकांनी भरून लॅबच्या दाराशी ठेवलेल्या असायच्या.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी काका मलाच विचारू लागले. "निला झाला का गो? सांग बघू, शिकलीस का नाय." परीक्षा घेताहेत असं समजून मी ऐटीत उत्तर द्यायचे. मग एकदा त्यांनी माझ्या समोर धडधडीत जांभळ्याला निळा म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं. मोतीबिंदू होता, ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. मी काही बोलले नाही. त्यांचा मान राखतेय, असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर काका रजेवर गेले असते तर माझं काम अडलं असतं.

शेवटचे सहा सेल राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते मोजणीसाठी मुंबईला जायचे होते. सरांचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत येऊन बघते तर सगळे सहा फिकट पिवळट. निळा येऊन गेला होता, आणि काका अजून त्याची वाट बघत बसले होते.

"दिसत नाही तर बसता कशाला मशीनवर?" मी ओरडले. दोन ज्युनिअर मुली तिथेच उभ्या होत्या.

काका उठले. फडक्याने स्टूल पुसलं आणि निघून गेले. मी रडले, पण सेलसाठी, त्यांच्यासाठी नाही.

सकाळी माझ्या टेबलावर कोरा कागद अंथरलेला, आणि त्यावर ते सहा सेल. सौम्य ॲसिडमध्ये धुवून काकांनी वरचा थर काढून टाकला होता. "सोच्च हायेत. आता तू घाल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर मी पहिल्यांदा बसले. ते दाराशी उभे राहिले. जांभळा आला, निळा आला.

"थांबवू ना, काका?"

"मना कशाला इचारतेस? तुला दिसतं ना."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाच सेल सुंदर निळे निघाले. सहाव्याच्या बरोबर मध्यभागी अंगठ्याचा ठसा होता. धुताना कड दिसली नसणार, म्हणून त्यांनी तो वरून धरला. जन्मभर कुणाला बोट लावू न देणाऱ्या माणसाचा अंगठा माझ्या निळ्या थराखाली उमटला होता. त्यांना दिसू नये म्हणून मी घाईघाईने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि पाचच मुंबईला पाठवले.

दोन महिन्यांनी काका निवृत्त झाले. निरोप समारंभात मी हार घातला, फोटो काढून घेतला. "चुकलं, काका" एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. पीएचडी झाली की पेढे घेऊन जाऊ आणि तेव्हा सांगू, असं ठरवलं.

पेढे घेऊन मी खडवलीला गेले. निवृत्तीनंतर ते तिथे मुलीकडे राहत होते. दारातून आत पाऊल टाकलं तर समोर भिंतीवर त्यांचा फोटो, हार घातलेला. मुलीने पाणी दिलं. ऑपरेशन झालं होतं म्हणाली, छान झालं होतं. पुढे काही महिन्यांनी छातीत दुखायला लागलं, तेवढंच निमित्त.

"डोल्यावरची पट्टी काढली ना, तवा दिसभर अंगनान बसून आभाल बघत व्हते. बोलले, निला दिसला गो, लॅबमधल्या पोरीला सांगाला पायजे. मी फोन लावते बोलली, तर नको बोलले. तिचा काम चालू आसल."

मी पेढ्यांचा बॉक्स तसाच मांडीवर धरून बसले होते.

आता मी त्याच लॅबमध्ये शिकवते. नवं मशीन जाडी स्वतः मोजतं आणि स्वतःच थांबतं. तरी मुलींना मी काचेवर श्वास सोडायला लावते. माझ्या टेबलावर तो सहावा सेल आहे. परवा एकीने विचारलं, "मॅडम, हा तर बाद पीस आहे, टाकून देऊ?"

"हात लावू नकोस गो," मी म्हणाले.

लॅब रिकामी झाली की कधी कधी मी तो उजेडात धरते. त्या ठशावर माझा अंगठा नेते, पण टेकवत नाही, जरासा वरच ठेवते. आणि मग म्हणते, चुकलं माझं, काका.