पालखीचा पुढचा खांदा

कमळाकर ओवे गावचा. शेती प्रकल्पात गेल्यापासून त्याच्या पायांना काम उरलं नव्हतं. पानाच्या टपरीवरसुद्धा तो मोटारसायकलने जाई, आणि टपरी त्याच्या ओटीवरून दिसायची.

गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा त्याच्या घराचा. देवळापासून विहिरीपर्यंत तो घरच्या कर्त्या माणसानेच द्यायचा, मध्ये बदलायचा नाही, अशी रीत. २००९च्या चैत्रात कमळाकर अर्ध्या वाटेवरच्या वडापर्यंत गेला आणि धापा टाकत थांबला. चुलतभाऊ काळूरामने दांडी सावरली.

"दादा, पुढच्या साली मी घेईन," तो म्हणाला. "तू आपला मागून ये, गुलाल उधळीत."

खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी कमळाकरला रोज अर्धा तास चालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून तो रस्त्याला लागला. पाच मिनिटांत पुतण्या मिथुनची रिक्षा शेजारी थांबली.

"काका, गाडी बिगाडली काय?"

"नाय रं. चालतो हाय."

"कशाला? काकीशी भांडान झाला काय? बसा, बसा."

ओळखीचा माणूस पायी दिसला आणि त्याला गाडीत घेतलं नाही, तर गावात नाव खराब होई. बोलावूनही तो बसला नाही, तर त्याच्या मनात राग आहे असं धरत. कमळाकर बसला. मिथुनने सोडलं तिथून तो परत चालू लागला, तर दूधवाला थांबला. त्या सकाळी कमळाकर चार वेळा चालला आणि चार गाड्यांत बसला. त्यातला एक पाण्याचा टँकर होता.

"चालाया गेलते का वरातीला?" बायको कुमुदने विचारलं.

महिन्याने तो खाली मान घालून दवाखान्यात गेला. "बाई, अर्धा तास काय होत नाय. पाच मिनटं चाललो का कोनतरी उचलतं."

"दिवसातून किती वेळा?"

"सा-सात येळा."

"मग झाला की अर्धा तास. तुमच्यासारख्या नवख्याला असं थोडं थोडंच बरं. फक्त जरा भरभर चाला."

कमळाकरचा विश्वास बसला नाही. इतक्या सोप्या गोष्टीने कोणी बरं होत असेल असं त्याला वाटेना. त्याने एक इंजेक्शन मागून पाहिलं. बाईंनी दिलं नाही. मग तो भरभर चालू लागला. त्याला पायी बघायची गावाला सवय होत गेली, तशा गाड्या उशिरा थांबू लागल्या. गणपतीपर्यंत पाचाची आठ मिनिटं झाली, दिवाळीपर्यंत बारा. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पुन्हा पाचावर आलं तर काय घ्या.

पुढच्या चैत्रात पालखी उठली. कमळाकर पुढे गेला आणि खांदा दिला. काळूराम दांडीखाली एक हात धरून अगदी लगत चालत होता. वड आला. कमळाकरच्या छातीत भाता सुरू झाला.

"दादा, सोड आता."

"नाय."

वड मागे पडला. विहिरीपासून पुढे ज्या घराचा मान, त्या घरचा अवधूत तिथे नवा शर्ट घालून खांदा द्यायला उभा होता. कमळाकरचं लक्ष पावलांवर होतं. विहीर आली आणि गेली, ती त्याला दिसलीच नाही.

"ओ कमळाकरशेठ, आता आमचा मान!" म्हणत अवधूत मागून धावला.

तोवर वीस पावलं जास्त झाली होती. त्यावरून दोन्ही घरांत महिनाभर बोलणं नव्हतं. भांडण सुरू झालं तेव्हा कमळाकर विहिरीच्या कठड्यावर धापा टाकत बसला होता. त्याची बाजू काळूरामलाच मांडावी लागली, कारण त्याला अजून बोलता येत नव्हतं.