त्या दोघांचा अबोला

मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तिने नवा मोबाइल घेतला आणि तिचा जुना माझ्याकडे आला. त्यात तिची गाणी तशीच होती. मिरच्यांची देठं खुडायला बसले की मी ती कानात घालते. हात तिखटाचे, त्यामुळे गाणं बदलायची सोय नाही. लागेल ते ऐकायचं. असंच एक दिवस एका जुन्या इंग्रजी बँडचं गाणं लागलं.

आधी वाटलं, कुणीतरी भांडतंय. मग दोन आवाज आले. एक उंच जाणारा, दुसरा त्याला खालून टेकू देणारा. शब्द एक कळला नाही, पण अंगावर काटा आला. पन्नाशी ओलांडलेली, तापीकाठच्या केळी-कापसात आयुष्य गेलेली बाई मी, आणि मला त्या केसाळ पोरांचं वेडच लागलं.

"हाऊ काय आरडावरडा शे? तुले काय समजस त्यामा?" नवरा म्हणायचा.

"तुमले भजनमातलं तरी काय समजस?" मी म्हणायची.

मोबाइलवर त्यांचे फोटो सापडले. एकात ते दोघे गाणारे एका पडक्या भिंतीवर बसलेत, मिसरूड फुटायच्या वयातले, दोघांत मिळून एक गिटार. मला वाटलं, आता म्हातारे झाले असतील, संध्याकाळी एकमेकांकडे चहाला जात असतील. मुलीला फोन करून विचारलं, हल्ली कुठे गातात हे लोक?

ती हसायलाच लागली. "मम्मी, त्या तर कव्हयनाच येगळा व्हयी ग्यात. तुन्हं लगीन व्हयनं त्यानाबी पहिले."

मग तिने सगळा इतिहास सांगितला. गाण्याखाली आधी नाव कुणाचं लावायचं, यावरून वाजलं. कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढे दोघे एका खोलीत बसेनात. ड्रम वाजवणारा आणि चौथा गिटारवाला, त्यांचं कुणाशीच भांडण नव्हतं. ते घरी बसले.

माझं टाळकंच सरकलं. गाणं म्हणजे काय बांधावरची बाभूळ आहे, कुणाच्या हिश्श्यात येते ते बघायला? आणि त्या ड्रमवाल्याचा काय गुन्हा? त्याला कुणी विचारलं होतं? भांडणार दोघे आणि हात बांधून बसायचं बाकीच्यांनी, हा कुठला न्याय? मुलगी म्हणाली, अगं, ते आपले कोण लागतात? कुणी नाही लागत. तरी मी दोन दिवस धड जेवले नाही.

वर तिने एक व्हिडिओ पाठवला. पुष्कळ वर्षांनी कुठल्याशा मदतीसाठी एका संध्याकाळी ते चौघे एकत्र आले होते. दोघे गाणारे स्टेजच्या दोन टोकांना. गायले, आणि चांगले गायले, याचाच मला जास्त राग आला. गाणं संपलं, एक इकडच्या पायऱ्या उतरला, दुसरा तिकडच्या. एकाने दुसऱ्याकडे मान वळवून पाहिलं नाही. रोट खाऊन उठावं तसे गेले.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घेऊन जाड पोळ्यांसारखे रोट करतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्यामुळे वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊही त्या दिवशी एका पंगतीला बसतात. माझा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ, माझा जेठ, तसेच बसतात. वाटणी झाली, विहीर सामाईक राहिली, तिच्यावरची पाण्याची मोटार कुणी कधी चालवायची यावरून बोलणं तुटलं. दोघे खाली माना घालून रोट खातात, हात धुतात आणि आपापल्या घरी जातात. देवीला पोचलं, म्हणतात.

आणि आम्ही दोघी जावा? आमचं कधी वाकडा शब्द बोलण्याइतकंही बिनसलं नव्हतं. पण वाटणीत आम्हालाही अबोला आला. मी नवी नवरी असताना कानबाईची गाणी मला तिनेच शिकवली. ती वर न्यायची, मी खाली धरून ठेवायची. दुसऱ्या गल्लीतल्या बाया ऐकायला थांबायच्या. अबोल्यानंतर ती विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे चालायची, मी मागे, मध्ये साऱ्या भाऊकीतल्या बाया. आणि हे असंच असतं, असं मी धरून चालले होते. त्या परक्या देशातल्या ड्रमवाल्यासाठी भांडायला निघाले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मीही तशीच घरी बसवलेली आहे.

यंदा कानबाईला सकाळी तापीवर न्यायला निघालो. मी बायांतून वाट काढत पुढे गेले, जावेच्या शेजारी चालू लागले आणि गाणं उचललं. जावेने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या ओळीला मात्र तिने सूर लावला. तो अर्ध्यावर चढला आणि चिरकला. तिने पदर तोंडाला लावला.

इतका संताप मला आयुष्यात आला नसेल. एका मोटारीपायी तो आवाज घरात पडून पडून गेला होता. मी तिचं मनगट धरलं आणि तेच गाणं खालच्या पट्टीत पुन्हा सुरू केलं. ती आली माझ्याबरोबर. नदीपर्यंत आली.

घरी आल्यावर नवऱ्याने दारातच विचारलं, "तू तिनासंगे गायनी?"

"आज गायनू," मी म्हटलं. "सकायपाईन बोलसू. तुम्ही दोन्ही भाऊ बसा रोट खात."