दवाखान्यातल्या खोट्या कळा

सासू डबा घेऊन दवाखान्याच्या दारात उभी, आणि मी खाटेवर पडून वरडतेय, मेले गं, मेले गं. कळा खोट्या होत्या. पोट तेवढं खरं, सातव्या महिन्याचं. पनवेलच्या त्या दवाखान्यात मुंबईचे शिकाऊ डॉक्टर यायचे, खेड्यापाड्यात बाळंतपण कसं करायचं ते शिकायला. अडलेल्या बाईचं सोंग घ्यायचं काम माझं. घरी वाटायचं मी लादी पुसते. पोटुशी बाई असलं सोंग करते हे सासूला कळलं असतं, तर नोकरी त्याच दिवशी बंद.

सासूला वाटलं, सातव्यातच कळा आल्या. आमच्यात बाई अडली की सगळ्या गाठी सोडतात, बंद असेल ते उघडतात. तिनं माझे केस सोडले, कपाट उघडलं, मग माझ्यावर परीक्षा देणाऱ्या शिकाऊ डॉक्टरकडं वळली.

"पोरा, गल्यातली गाठ सोड."

"आजी, हा टाय आहे."

"म्हनून तर माजी सून अडकलीय."

टाय सुटला, बूट सुटले, कंबरेचा पट्टा पन सुटला. तो एका हातानं पँट धरून, दुसऱ्यानं माझं मनगट धरून उभा. परीक्षा घेणारे मोठे डॉक्टर कोपऱ्यात खूश. म्हणाले, "खेड्यात असंच असतं. आजींना समजवा, मग पास."

सासूनं त्याला विचारलं, "कंदी येल रं बाल?"

तो माझ्याकडं बघायला लागला. खरं बोलावं तर नोकरी जाते, नाय बोलावं तर आता बाळ आणायचं कुठनं? मी आणखी जोरात वरडले. तुमी असतात तर काय केलं असतं?