खुदेजाभाभींची जपानी गायिका

मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खुदेजाभाभींचा आवाज आधी यायचा आणि भाभी मागून. मी चिपळूणची, त्या दापोलीकडच्या. माझा नवरा गजेंद्र वर्कशॉपमध्ये फोरमन, तर त्यांच्या मुस्तफाभाईंचं समोरच गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. ते दोघे दिवसभर ग्रीसने माखलेले आणि आम्ही दोघी दिवसभर एकमेकींच्या स्वयंपाकघरात, असं आमचं चाललेलं असतं.

भाभी लग्नाची गाणी म्हणायच्या. ओमानात मस्कतपासून इब्र्यापर्यंत कुठेही कोकणी मुसलमानांकडे हळद असली की गाडी पाठवून त्यांना नेत. ओळ आधी भाभींनी म्हणायची, मग तीच मागून सगळ्या बायकांनी. नवरीचं नाव, सासरचं गाव, सासूचा नखरा, सगळं त्या बसल्याजागी गाण्यात गुंफत. त्यांच्यामागे झील धरायला मीही कितीतरी हळदींना गेले आहे. बिर्याणीसाठी जाते असं गजेंद्र म्हणतो, त्याला काय कळतंय!

मग भाभींच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. बोलणं जमायचं. सूर लावायला गेल्या की मात्र जुनं कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. एकदा माझ्या ओट्यापाशी त्यांनी सूर लावून बघितला आणि मग गपचूप कांदा चिरायला घेतला.

त्यातच त्यांच्या थोरल्या लेकीचं, अंबरीनचं लग्न ठरलं. मुलगा तिकडे लांब किनाऱ्यावरच्या खाबुऱ्यातला, चांगल्या घरचा. साऱ्या जगाच्या लेकींना गाऊन सासरी पाठवलेल्या बाईला स्वतःच्या लेकीच्या हळदीला गाता येणार नव्हतं. भाभींनी जाहीर करून टाकलं, "गाणी नायत. मोबाइलवर काय ते लावा."

"अम्मी, तुझं गाणं नसेल तर मला हळदही नको," अंबरीन म्हणाली. ही मुलगी आईवर गेली आहे. एकदा नाही म्हटलं की नाहीच. मायलेकींचं बोलणं बंद झालं आणि मधल्या मध्ये मी निरोप्या झाले.

मार्ग काढला धाकट्या अफशाने. ही कॉलेजातली पोरगी, सदा कानात हेडफोन. तिला जपानी गाण्यांचं वेड. साधी जपानी गाणी नव्हेत, कॉम्प्युटरकडून गाऊन घेतलेली. कुणीतरी चाल बांधतं, शब्द आणि सूर सॉफ्टवेअरमध्ये भरतं आणि गाते ती मशीनमधली मुलगी. तिकडे अशी गाणी लाखो लोक ऐकतात, स्टेजवर प्रकाशाची बाहुली नाचते आणि पब्लिक खाली दिवे हलवतं. अफशाने मला एक ऐकवलं होतं. एवढं भरधाव, की ऐकता ऐकता मलाच धाप लागली.

"अम्मी, तिकडे गाणं बनवणारे खूप लोक स्वतः गातच नाहीत," अफशा म्हणाली. "दे जस्ट मेक द साँग. तू बनव, ती गाईल."

"गळा नसलेली बाय ती. ती काय गाणार?" भाभी फणकारल्या. तरी दुपारी जाऊन बसल्या लॅपटॉपसमोर. मीही बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

मशीनने पहिली ओळ म्हटली तेव्हा मी हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली. आवाज गोड, पण परका. तिच्या जपानी जिभेला हळदीतला 'ळ' काही केल्या जमेना. अफशा हिरमुसली. भाभी मात्र एकदम गंभीर झाल्या. "जिभेचं राहू दे, परदेशातली हाय. पण ही दम कुठं घेते?"

"ती नाही घेत, अम्मी. आपण टाकायचा."

"मग टाक. बाय मरायची अशानं."

त्या दिवसापासून रोज दुपारी शाळा भरू लागली. इथे सूर लांबव, तिथे हलकेच उतर, हा शब्द लाजत म्हणायला सांग. भाभी बोटांनी हवेत वळणं काढून दाखवत आणि अफशा माऊसने ती पडद्यावर ओढे. कितीतरी महिन्यांनी भाभींच्या तोंडावर तजेला दिसला. मशीनला त्या चक्क रागावत आणि नीट म्हटलं की "शाब्बास गं" म्हणत. मी चहा करायचे आणि चुका काढायचे, हेही कुणीतरी करायला हवंच होतं.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. प्रत्येक ओळीनंतर भाभींनी ओळभर जागा मोकळी ठेवायला लावली. "लोकांना वाटेल सिस्टिम हँग झाली!" अफशा वैतागली. भाभी म्हणाल्या, "तिथं बायका म्हणतील. जागा सोड." अफशाने सोडली.

गाणं तयार झाल्याचं कळल्यावर अंबरीन हळदीला बसायला कबूल झाली. हॉल भरला. अफशाने स्पीकर लावला आणि ती जपानी पोरगी आमच्या कोकणी चालीत गाऊ लागली, "खाबुऱ्याची वाट लांब, मागं वळून बघ गं बाय."

पुढे मोकळी जागा आली. कुणीच काही म्हणेना! बायका फोन वर धरून रेकॉर्ड करत होत्या, कॉन्सर्टला आल्यासारख्या. दुसरी ओळ झाली, पुन्हा ती सुनसान जागा. अफशाचा चेहरा उतरला. चौरंगावर बसलेली अंबरीन खाली मान घालून होती. मला त्या फोनवाल्यांचा असा राग आला की काय सांगू, पण आपण सुरुवात करावी हे मलाही सुचेना.

मग पहिलीच ओळ फिरून आली आणि तिच्यानंतर माझ्या शेजारून एक फाटका सूर उठला. "मागं वळून बघ गं बाय." खुदेजाभाभी. जन्मभर पुढे गायलेली ती बाई आज मशीनच्या मागून म्हणत होती, डोळे मिटून, झील धरून. मी तो सूर उचलला. मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी उचलला. फोन खाली गेले. पुढच्या ओळीला हॉलभर बायका म्हणत होत्या आणि भाभींचा आवाज त्यात मिसळून गेला. मशीन ओळ म्हणे, दम घेई आणि आमच्यासाठी थांबे. गाणं पुन्हा पुन्हा लावावं लागलं.

हळद उरकल्यावर अंबरीन पिवळ्या हातांनीच आईपाशी आली.

"अम्मी, तुझा आवाज आला मला."

"एवढ्या बायकांत?" भाभींनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "फाटका होता ना?"

"होता," अंबरीन म्हणाली. "त्यावरूनच ओळखला."