जाहेदाची जागा

जुलेखाबाई मास्तरीण आमच्या हट्ट्याच्या मुलींच्या शाळेवर अकरा वर्षं होत्या. त्यांतली नऊ वर्षं मी त्यांच्या खोलीत काढली, त्यांच्या अंथरुणाशेजारी. ती जागा दुसऱ्या कुणाची होती, हे समजायला मला फार उशीर झाला.

बाई मूळच्या पुसेगावच्या. त्यांचे मालक हैदर मास्तर तिथल्या मुलांच्या शाळेवर होते. लग्नानंतर त्यांनीच बाईंना उर्दू आणि मराठी दोन्ही लिहायला-वाचायला शिकवलं. छत्तीस साली हिवतापानं मास्तर गेले. पदरी तीन वर्षांची जाहेदा. शाळा तपासणारे साहेब पंधरा दिवसांनी दप्तर ताब्यात घ्यायला आले, तर वर्ग भरलेला. बाई दाराआड बसून पाढे म्हणून घेत होत्या.

साहेब दारातूनच बोलले, "मुलींच्या शाळांना बाया मिळत नाहीत. सरकार औरंगाबादला एक वर्ष शिकवतं. राहणं, जेवण, वर दरमहा पैसे, वजिफा. मी नाव पाठवू का?"

एकच अडचण होती. तिथं लेकरू ठेवता येत नव्हतं.

सासू नजमुन्निसा म्हणाल्या, "जा तू. वर्ष कसं गेलं ते कळणार न्हाई. पोरगी तर माझ्याच कुशीत निजते. तिला तुझी याद बी येणार न्हाई."

सासूबाईंनी ते धीर देण्यासाठी म्हटलं होतं. पण झालं अगदी तसंच.

त्या वर्षाबद्दल बाई मला पुष्कळ सांगायच्या. चिंचोक्यांवर बेरीज कशी शिकवायची, धुळीत बोटानं अक्षर कसं गिरवून घ्यायचं, छडी न उचलता वर्ग कसा सांभाळायचा. हातात फळा-खडू आला आणि आपण कुणाच्या दारात उभं राहणाऱ्या विधवा नाही राहिलो, असं त्या म्हणायच्या. सांगता सांगता चेहरा खुलायचा, आणि मधेच त्या विषय बदलायच्या.

वर्ष संपवून त्या हिंगोलीच्या स्टेशनावर उतरल्या आणि तिथून बैलगाडीनं घरी गेल्या. जाहेदा सासूच्या पदराआड लपली आणि म्हणाली, "अम्मी, ही बाई कोण?"

अम्मी ती आजीला म्हणत होती.

पाठोपाठ नेमणुकीचा कागद आला. गाव हट्टा. वजिफा घेणाऱ्यानं पाच वर्षं पाठवतील तिथं जायचं, असं लिहून दिलेलं होतं. पुसेगावात मुलींची शाळाच नव्हती, तर मागणार तरी काय? "जरा मोठी झाली की नेईन," असं म्हणून बाई एकट्याच हट्ट्याला आल्या.

पहिल्या साली शाळेत चार पोरी होत्या. बाई घरोघर फिरल्या. मग गावाबाहेर निघाल्या आणि दोन कोस चालून आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर आल्या. माझा बाप रतनसिंग बैलांना पाणी पाजत होता. तो म्हणाला, "बाई, पोरगी रोज एवढं कशी चालंल?"

"माझ्याजवळ राहील. मला बी सोबत होईल."

मी सात वर्षांची होते. बाईंनी मला वेणी घालायला शिकवलं, उर्दू शिकवलं, ताप आला तर रात्रभर पायथ्याशी बसल्या. माझी याडी, माझी आई, तांड्यावर होती, पण मला मायेची चणचण कधी वाटली नाही.

चाळीस साली, मी आठ वर्षांची असताना, बाईंनी जाहेदाला पहिल्यांदा हट्ट्याला आणलं. ती माझ्याहून जरा लहान. गोरी, बारीक, कानात चांदीच्या बाळ्या. आली तेव्हा मी बाईंच्या गुडघ्याला टेकून पाटीवर लिहीत होते.

तिनं विचारलं, "तुमी हिची अम्मी का?"

"न्हाई बेटी. मी तुझी अम्मी."

"मग ही काहून तुमच्यापाशी बसते?"

बाईंनी मला उठवलं, तिला जवळ घेतलं आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. जाहेदानं उर्दूचं पहिलं अक्षर, एक अलिफ काढला. तो वाकडा आला. बाई सवयीनं बोलून गेल्या, "बराबर न्हाई. पुन्हा काढ." वर्गात बोलायच्या तो आवाज. आम्हा पोरींना त्याचं काही वाटत नसे. जाहेदानं पेन्सिल खाली ठेवली. पुढचे सात दिवस बाईंनी तिला गोडीनं समजावलं, खाऊ दिला, एकदा रडल्यासुद्धा. तिनं पेन्सिलीला हात लावला नाही. आठव्या दिवशी अन्न सोडलं, तेव्हा बाई तिला आजीकडे पोचवून आल्या.

खरं सांगते, ती गेली तेव्हा मला आनंद झाला होता.

त्रेचाळीसच्या उन्हाळी सुट्टीत बाई तिला कायमची आणणार होत्या. माझ्याकडून खोली सारवून घेतली, तिच्यासाठी दोन कुर्ते शिवले. सुट्टीला चार दिवस उरले आणि सरकारी लिफाफा आला. शाळेच्या मुख्य बायांसाठी दोन महिन्यांचा वर्ग. ज्या येतील त्यांच्या शाळेला चौथी मिळेल आणि जोडीला दुसरी बाई. हट्ट्याच्या पोरी तोवर तिसरीनंतर घरी बसत होत्या. चौथी झाली नसती तर मीही बसले असते.

बाईंनी लिफाफा पुन्हा वाचला आणि शिवलेल्या कुर्त्यांवर ठेवला. मग म्हणाल्या, "दोनच महिने आहेत मिरा. एवढी वर्षं गेली तर दोन महिन्यांनी काय होतं?"

त्या परतल्या तोवर सासूबाईंनी जाहेदाचं हिंगोलीत ठरवूनही टाकलं होतं. मुलगा फारुक, घरचं कापडाचं दुकान.

"मला विचारलं बी न्हाई अम्मा?" बाई म्हणाल्या.

"विचारायला तू होतीस कुठं?" सासूबाई म्हणाल्या. त्या भांडत नव्हत्या. थकल्या होत्या. "मी म्हातारी झाले. पोरगी कुणाच्या हाती देऊन मरू? आता ठरलेली पोरगी निकाहापर्यंत माझ्यापाशीच राहील."

त्या साली आमच्या शाळेला चौथी मिळाली, नकाशे आले, कपाट आलं. आम्ही पोरी उड्या मारत होतो. सेहेचाळीस साली जाहेदाचा निकाह झाला, ती तेरा वर्षांची असताना. बाई लग्नाला पाहुण्यासारख्या जाऊन आल्या. त्याच हिवाळ्यात सासूबाईही गेल्या.

मग अठ्ठेचाळीस उजाडलं. ते साल सगळ्यांनाच भीतीचं गेलं. आधी आम्ही तांड्यावरचे रानात लपलो. पोलीस ॲक्शननंतर भ्यायची पाळी बाईंच्या लोकांवर आली. माझ्या बापानं बाईंना महिनाभर तांड्यावर आणून ठेवलं. हिंगोलीला माणूस पाठवला, तर फारुकच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, हैदराबादेकडं गेले.

हिवाळ्यात शाळा पुन्हा सुरू झाली आणि एक कार्ड आलं. मजकूर कुणा मुनशीच्या हातचा, सफाईदार. 'आम्ही खुशाल आहोत. इथून पुढे निघालो आहोत. मुलगी झाली आहे. काळजी करू नये.' खाली जाहेदाचा अंगठा.

कुठून निघाले, कुठं निघाले, काही नव्हतं. मुलीचं नाव नव्हतं.

बाईंनी कार्ड उजेडात धरलं. शाई एका बाजूला फासली होती. मला म्हणाल्या, "हा उजवा हात असंल का डावा?"

त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला, मग दुसऱ्या हाताचा ठेवला. मी रडायला लागले. "बाई, तिची जागा मी घेतली," मी म्हणाले.

"तू लेकरू होतीस. तुला मी आणलं."

टपाल कचेरीत जाऊन बाईंनी कार्डावरचा शिक्का दाखवला. टपालमास्तरांनी भिंग लावलं, पण गाव वाचता आलं नाही. बाई परत आल्या, खोलीचं दार लावलं, आणि दोन दिवस शाळेत आल्या नाहीत. चौथी झाल्यापासून मी त्यांच्या हाताखाली शिकवत होते, वर्ग मीच घेतले.

पुढच्या आठवड्यात औरंगाबादला शिकायला जाण्यासाठी माझ्या वजिफ्याचा अर्ज बाईंच्या सहीसाठी आला. मी म्हणाले, मी जात नाही, तुमच्यापाशी राहते. त्यांनी ऐकलं नाही. शिफारशीत माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या, इतक्या चांगल्या की वाचून लाज वाटली. मग सही करायला टाक उचलला.

"मिरा, पुढं तुला लेकरू झालं, आन् सरकारनं पुन्हा बोलावलं..."

त्यांनी सही केली, कागद वाळू दिला आणि माझ्या हातात ठेवला.

दुसरं कार्ड कधीच आलं नाही.