पाणी आल्यावरची शालूबाई

विट्याजवळच्या त्या गावात शालूबाईंची गल्ली दिसायला मोठी श्रीमंत. मजल्यावर मजले, गुळगुळीत फरशीच्या पायऱ्या आणि दारोदार कुलपं. गडीमाणसं बायकापोरांसकट लांबच्या शहरांत, गलाईच्या दुकानांत सोनं गाळायला गेलेली. चूल पेटायची ती एकट्या शालूबाईंची. गल्लीतलं मांजरसुद्धा त्यांच्याच दारात. दुसरीकडं दूध कोण घालणार?

लग्नानंतर काही वर्षं त्याही नवऱ्याबरोबर मदुराईला होत्या. गलाईच्या दुकानातला केर कुणी टाकत नाही. त्यात सोन्याचा कण असतो, म्हणून डब्यात साठवतात आणि मग गाळतात. ती सवय हाताला अशी चिकटली की सासूच्या सोबतीला गावी परतल्यावरही शालूबाई केर डब्यातच भरायच्या. सासू हसायची, "आगं, हितं नुसती मातीच निघंल." मग शालूबाई डबा उकिरड्यावर ओतून यायच्या.

नवरा वारला. दुकान मुलानं, जयराजनं, हाती घेतलं. निघताना तो म्हणाला होता, "आई, पाऊस न्हाई म्हणून जातूय. शेताला पाणी आलं की माघारी येतू बघ." शालूबाईंनी ते बोलणं अंगाऱ्याच्या पुडीसारखं जपलं. त्या एका बोलावर त्या गावात राहिल्या.

आणि खरंच पाणी आलं. सरकारी पाणी योजनेचा कालवा त्यांच्या बांधाला लागला, कुसळं उगवायची तिथं ऊस डोलायला लागला. शालूबाईंनी वरची खोली धुतली, गाद्या उन्हात टाकल्या आणि फोन लावला.

"लय झ्याक झालं," जयराज म्हणाला. "आता खालच्या आळीच्या नानासोला कसायला दिऊन टाक शेत."

"आन तू रं?"

"आगं आई, दुकान सोडून कसा येऊ?" म्हणत त्यानं फोन लेकीकडं दिला.

संयोगिता तिकडं कॉलेजात भूगोल शिकते. आजीचा आवाज पडलेला ऐकून ती समजावू लागली, "आज्जी, डोंगर पाऊस अडवतो, आपण कोरडे राहतो, हा प्राकृतिक भूगोल. त्यानं माणसं बाहेर काढली. पण शहरात धंदा बसला, गिऱ्हाईक, शाळा, शेजार जमला, की आर्थिक आणि नागरी भूगोल माणसाला धरून ठेवतो. मग नुसत्या पाण्यानं कुणी परत येत नाही."

इतकी वर्षं जे कुणी तोंडावर बोललं नव्हतं, ते पोरीनं सरळ सांगून टाकलं. शालूबाईंना राग आला नाही. त्यांनी उलट विचारलं,

"आन मी का ऱ्हायले गं? ते कुठल्या भूगोलात हाय?"



जत्रेला गल्ली उघडली. जयराज आला, वरच्या खोलीत उतरला, नारळ फोडला, नानासोशी शेताचं ठरवलं आणि गेला. मागोमाग घरांना पुन्हा कुलपं लागली. शालूबाईंनी वरची खोली झाडली, केर डब्यात भरला. उकिरड्यापर्यंत गेल्या, पण ओतवेना. घरी येऊन त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि तो फळीवर ठेवला.