कारपेटवरचं प्लास्टिक

आमची गाडी कॅलिफोर्नियातली. सनीव्हेलला होतो तोवर तिच्या अंगावर धुळीशिवाय काही पडलं नाही. मग २००२ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली, दुसरी मिळाली ती थेट पेनसिल्व्हेनियात, एरी सरोवराच्या काठी. गाडीही आमच्याबरोबर तिकडे आली.

तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते ओलं मीठ गाडीच्या पोटाला चिकटून बसतं आणि पत्रा गंजतो. आपल्याकडे माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. तिथलं मीठ गाड्याच खातं. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "अगं, दर शनिवारी खालून वॉश करून घ्या हं. आमची पहिली व्हॅन चाळणी झाली होती बघ."

माझा नवरा पुण्याचा. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सुटकेसला प्लास्टिक, सोफ्यावरचं प्लास्टिक पाहुणे आले तरी निघायचं नाही. त्याने हार्डवेअरच्या दुकानातून जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं, आधी वर्तमानपत्राचे नमुने कापले, शिंप्यासारखं मापात बसवलं आणि गाडीतल्या कारपेटवर कडेकडेने टेप लावून टाकलं. वरून रबरी मॅट.

"आता बुटांबरोबर कितीही मीठ येऊ दे, कारपेट नवं राहणार."

"पाणी खाली गेलं तर?"

"जाणारच नाही ना यार! टेप आहे."

टेपवर त्याचा देवाइतकाच विश्वास होता.

त्या गाडीवर माझा जीव का होता ते सांगते. मी डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे नोकरी करायची नाही. घर गावाबाहेर, बस नाही, चालत जावं तर फुटपाथ नाही. नवरा एका सहकाऱ्याबरोबर ऑफिसला जायचा आणि गाडी दिवसभर माझी असायची. मी हायवेने गावातल्या लायब्ररीत जायचे. तिथे बिनपगारी काम करायचे, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. पण तिथे माझी वाट बघणारं कुणीतरी होतं. घरी मी कुणाची तरी बायको होते, तिथे मी मी होते. त्या गाडीवाचून माझं पान हलत नव्हतं.

म्हणून धुण्याच्या बाबतीत मी नवऱ्याच्या वरताण निघाले. शनिवारी कार वॉशच्या रांगेत उभं राहून खालून फवारे मारून घ्यायचे. थंडीने बोटं बधिर व्हायची, तरी मी उतरून चाकांच्या आतल्या बाजूला हात घालून बघायचे. गाडीच्या आत मात्र हिवाळाभर काचा धुरकट असायच्या आणि कोंदट वास यायचा. मी सीटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. नवरा म्हणाला, जुन्या गाडीला वास येतोच. प्लास्टिक उचलून बघू या, असं मी दोनदा म्हटलं. "टेप निघाली की परत तशी बसणार नाही," हे त्याचं उत्तर. वादात पुण्याला कोण हरवणार?

तिथे गाडीची दरवर्षी तपासणी होते. पास झाली तरच काचेवर स्टिकर मिळतो आणि रस्त्यावर यायची परवानगी. आदल्या वर्षी मेकॅनिकने थोडाच गंज आहे म्हणून सोडून दिलं होतं. २००७ च्या नोव्हेंबरात त्याने गाडी वर उचलली, स्क्रू ड्रायव्हरने तळाला खालून टोचून बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर आत गेला. मग त्याने मॅट काढली, टेप ओरबाडली, प्लास्टिक उचललं. खाली कारपेट चिंब भिजलेलं. बुटांचं खारट पाणी वर्षानुवर्षं कडेने आत जात होतं आणि प्लास्टिकमुळे वाळायला त्याला वाटच नव्हती. आम्ही बाहेरून धूत होतो आणि गाडी आतून कुजत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"दुरुस्त होईल?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. खालची मुख्य चौकटही गेली होती. वेल्डिंग करायला धड पत्रा तरी हवा ना.

नवरा ते प्लास्टिक हातात धरून उभा होता. इतकी वर्षं झाली तरी स्वच्छ, पारदर्शक. मला त्याच्यावर भयंकर चिडायचं होतं. पण त्याचा चेहरा बघून मला रडू आलं. दुसरी गाडी घेऊ, असं त्याला म्हणताही येईना, कारण त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंतच होतं आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं.

भंगारवाला गाडी घेऊन गेला, आणि त्याच आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला. सोमवारी सकाळी मी लायब्ररीत फोन केला. गाडी गेली हे सांगायची मला लाज वाटत होती. सांगितलं असतं तर तिथल्या भल्या लायब्ररियनबाईने न्यायला यायची तयारी दाखवली असती, आणि सगळा हिवाळा कुणाच्या उपकारावर काढायचा, हे मला जमणारं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की आज यायला जमणार नाही.

"बर्फाची भीती वाटतेय का?" तिने मायेने विचारलं. "अगं, अजिबात घाबरू नकोस. रस्ते एकदम मोकळे आहेत. पहाटेच सगळीकडे मीठ टाकून गेलेत."

मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला.